डॉक्टर ओकेलो घरी जातात

डॉक्टर ओकेलो रविवारी चर्चला जाण्याआधी मलेरियाच्या जंतूंना जेवायला घालायला लॅबमध्ये येत. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि त्यावर पांढरा कोट. फ्लास्कमधला जुना द्रव काढायचा, नवा घालायचा, थोडं ताजं रक्त द्यायचं आणि झाकण लावताना पुटपुटायचं, “खा बाळांनो. तुम्हाला मारायचं कसं, ते तुम्हीच मला सांगणार आहात.” जंतू सुट्टी घेत नाहीत म्हणून तेही घेत नसत. सिंगापूरच्या त्या लॅबची मी मॅनेजर. रविवारी दार कोणी उघडलं याची नोंद सोमवारी माझ्यासमोर येई. ते घरी गेलेले आठवडे सोडले, तर सहा वर्षं तिथे एकच नाव असायचं.

ते उत्तर युगांडातले. पंचेचाळिशीचे, आणि इतके उंच की प्रत्येक दारातून मान वाकवून आत यायचे. मी पुण्याची. आमचं बोलणं इंग्रजीत. ते मला ‘सिस्टर’ म्हणत आणि मी त्यांना डॉक्टर. मलेरियाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरताना ज्या एका प्रथिनाचा आधार घेतो, त्यावर त्यांचं काम चाललेलं. “चोर कुठल्या खिडकीतून येतो ते कळलंय, सिस्टर. आता तेवढी खिडकी बंद करणारं औषध हवं.” त्यांच्या दोन बहिणी लहानपणीच तापाने गेल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, रांगेत पुढे सरकता सरकता. त्यांच्या घरी ताप म्हणजे मलेरियाच, वेगळा शब्द कोणी वापरत नाही, हेही तेव्हाच कळलं.

शिकवायला उभे राहिले की मात्र त्यांना चेव यायचा. “गावातल्या मोठ्या माणसाचं शरीर या जंतूला ओळखतं, कारण तो सारखा येऊन जातो,” ते सांगत. “पण तोच माणूस चारपाच वर्षं बाहेर राहिला की शरीर ओळख विसरतं. मग तो कितीही शिकलेला असो, डासासमोर तो दोन वर्षांचं पोर!” विद्यार्थी हसायचे, आणि तेही हसायचे.

आम्ही दोघंही सिंगापूरच्या बेडोक भागात राहायचो, एकाच ब्लॉकमध्ये. एका डिसेंबरात मी लेकीला घेऊन पुण्याला निघाले होते. खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये डॉक्टर भेटले. आजीकडे जाणार म्हणून त्यांनी तिचं कौतुक केलं, तर ही म्हणाली, “आजीकडचं वॉटर कॅनॉट ड्रिंक लाह. मम्मी बॉटल बाय करते.”

डॉक्टरांनी कोपीचा कप खाली ठेवला. “आईच्या घरी जाऊन तुम्ही पाणी विकत घेता?”

“घेते. नाहीतर सुट्टीभर हिचं पोट सांभाळत बसायचं.”

“आणि आई काय म्हणते?”

आई काही म्हणत नाही, नुसती त्या बाटल्यांकडे बघते. पण हे मी त्यांना कशाला सांगू? मी उलट विचारलं, “तुम्ही नाही का तिकडे जाताना मलेरियाच्या गोळ्या घेत?”

“मी घरी जातो, सिस्टर. सहलीला नाही.”

मला ते इतकं लागलं की पुढे काही विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. या वेळी मी हट्टाने त्यांना क्लिनिकमध्ये पाठवलं, गोळ्या आणायला लावल्या. ते युगांडाला गेल्यावर तिसऱ्या दिवशी फ्रीझरची किल्ली शोधताना त्यांचा ड्रॉवर उघडला, तर गोळ्यांचं पाकीट तिथेच, न फोडलेलं. मी लगेच मेसेज केला. उत्तर आलं, “आईसमोर गोळी गिळू? तिला वाटेल, मी तिच्या घराला घाबरतो.” सोबत फोटो होता. अंगणात चटईवर भावांच्या मध्ये आडवे पडलेले डॉक्टर. इतके निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी हसरा चेहरा पाठवला आणि विषय सोडला. मलेरियाच्या डॉक्टरला मलेरिया मी काय शिकवणार! तिथल्या दुकानातून घेऊन आजपासून सुरू करा, एवढं लिहिता आलं असतं. ते मी लिहिलं नाही. आजही ते मला खातं.

परत आल्यावर दहा-बारा दिवसांनी त्यांना ताप आला. आमच्या ब्लॉकखाली तेव्हा डेंग्यूच्या साथीचा इशारा देणारे लाल फलक लागलेले. “डेंग्यूच असणार, पडून राहतो,” ते फोनवर म्हणाले. मी रक्त तपासायला सांगितलं, तर “उद्या बघू.” आयुष्यभर लोकांचं रक्त काचेवर घेऊन पाहणाऱ्या माणसाने स्वतःचा एक थेंब पाहिला नाही. सोमवारी नोंदी पाहिल्या, तर रविवारी लॅबचं दार कोणीच उघडलेलं नव्हतं. मी तशीच त्यांच्या घरी धावले. घरमालकीण आँटींनी दार उघडलं. डॉक्टर थरथरत होते आणि भिंतीकडे बघून त्यांच्या भाषेत कुणाशी तरी बोलत होते.

हॉस्पिटलमध्ये मलेरियाचं निदान व्हायला वेळ लागला नाही. दुपारी ते थोडे शुद्धीवर आले आणि मला जवळ बोलावलं. “आईला सांगा, डेंग्यू. सिंगापूरचा डास.”

“डॉक्टर, आधी बरे व्हा. मग काय ते तुम्हीच सांगा.”

“तिच्या घरात झालं, हे तिला कळता कामा नये. वचन द्या.”

मी वचन दिलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आठवड्याने त्यांच्या आईंचा फोन आला. आईंना इंग्रजी येत नाही, म्हणून मध्ये तो नुकतं लग्न झालेला भाऊ. त्याला सगळं ठाऊक होतं, हॉस्पिटलचे कागद त्यानेच वाचले होते. आई बोलत आणि तो थांबून थांबून मला सांगे.

“आई म्हणते, मी त्याच्यासाठी नवी मच्छरदाणी आणली होती. खाटेवर बांधूनही ठेवली. तो म्हणाला, ती पाहुण्यांना द्या, आणि आमच्याजवळ अंगणात येऊन झोपला.”

“आई विचारते, तो ताप आमच्याकडचा होता, की तुमच्याकडचा?”

“आमच्याकडचा,” मी म्हणाले.

भावाने ते तसंच आईला सांगितलं. पलीकडे त्या बराच वेळ रडत होत्या. मग काहीतरी बोलल्या.

“आई म्हणते, मग तू तरी मच्छरदाणी लावून झोपत जा, पोरी.”

मी हो म्हणाले.