बुद्धमूर्तीपुढचं सरबत

माझा धाकटा भाऊ जहाजावर स्वयंपाकी आहे. यंदा सुट्टीवर येताना त्याने माझ्यासाठी ग्रीसच्या एका बेटावरची पांढरी वाइन आणली, पण ती लपवायची अक्कल काही आणली नाही. बाटली बॅगेत अगदी वरच होती, आणि बॅग आईने उपसली.

अंबरनाथच्या आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी बुद्धमूर्तीपुढे ठेवायची, मग वापरायची. आईने तेच केलं. तिला दारूची बाटली म्हणजे देशीची ठाऊक. ही लांब मानेची, सोनेरी. वर द्राक्षं, पांढरी फुलं आणि कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. तिला ते सरबत वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही चौघं वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या शीलाशी, बाबांचा आवाज अडकला. भावाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. बाबांनी वंदना शांतपणे पूर्ण केली आणि विचारलं, "ही वाइन कुणाची?"

आईच्या तोंडचं पाणी पळालं.

मी सातवीत असेपर्यंत बाबा प्यायचे. मग सोडली ती कायमची. पण आईच्या नाकाचा पहारा काही उठला नाही. बाबा कारखान्यातून आले, पुढे रिटायर होऊन नुसती भाजी घेऊन आले, तरी पिशवी घ्यायच्या निमित्ताने ती दारातच त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. बाबाही मुकाट्याने मान पुढे करायचे. मला दोघांचाही राग यायचा. इतक्या वर्षांनी कसला संशय? आणि बाबा तरी हे का सोसतात?

"उघड रे," बाबा भावाला म्हणाले.

बूच निघालं आणि खोलीभर मोगऱ्याचा, संत्र्याच्या सालीचा वास सुटला. बाबांनी ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ धरला. आईने पदर मुठीत आवळला होता, आणि मीही घाबरले होते. मग त्यांनी ग्लास तसाच आईच्या हातात दिला.

"तेव्हा असला वास असता, तर तू मला कधी पकडलंच नसतंस," ते म्हणाले, आणि पापड आणायला शेजारच्या उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात निघून गेले.

आईने ग्लास हुंगला. "अगं, हे तर अत्तर आहे!"

मी स्वयंपाकघरात जाऊन दोन घोट घेतले. शील मोडलं, पण खोटं कशाला बोलू, भारी लागली.

तासाभराने बाबा आले. सवयीने दारात थांबले, मान पुढे केली. आईने हात लांब करून पापडाची पिशवी घेतली आणि वळली.

"अगं, वास?"

"काही नको. चहा गार होतोय, आत या."

बाबा मान पुढे करून तसेच दारात उभे राहिले.