विस्तवाविनाचं पाणी
बोरगावच्या रस्त्यानं येताना पऱ्हाटीचा धूर नाकात गेला, की मला आमच्या अंगणातली पाणी तापवायची चूल आठवते. स्वयंपाक गॅसवर आला तरी आंघोळीचं पाणी शेतातल्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जाळूनच तापायचं, आणि त्या धुरात बसून बसून आईची छाती गेली. सौंसरच्या डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. घराण्यातला पहिला बीएस्सी. आधी छतावर सोलर बसवला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर पुन्हा तोच धूर. आई नळाचं वाफाळतं पाणी गुंडात, म्हणजे पितळी हंड्यात, भरून चुलीवर ठेवत होती. "आई, ते गरमच हाय," मी म्हणालो. "गरम हाय, पण विस्तवावरचं नाही. अशा पाण्यानं तुह्या बापाचे गुडघे धरतीन," ती खोकत म्हणाली. आंघोळीच्या दगडावर बसलेले बाबा हसले, "पोरानं सूर्याले कामाले लावलं, पण माय काही ऐकून नाही राहिली." तेवढ्यात तिला अशी उबळ आली की ती चुलीपुढंच वाकली, आणि थुंकीत रक्त दिसलं. बाबांचं हसू गेलं. ते उठले, गुंडातलं पाणी त्यांनी चुलीत ओतलं आणि बादली नळाखाली धरली. "आता हेच पाणी. माहे गुडघे दुखले तर दुखले." आईचा आजार काही हटला नाही, गेल्या हिवाळ्यात ती गेली. पण त्या सकाळनंतर आमच्या घरी पाण्यासाठी चूल पेटली नाही, आणि तिचे शेवटचे हिवाळे धुराविना गेले.