वरच्या अंगाची माती

वणीला गडावर जाणाऱ्या भाविकांना कुसाबाई ओटीचं सामान विकायची. नारळ, खण, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि एका बाजूला लिंबांचा ढीग. नारळ कुणीही उचलून वाजवून बघावा, तिची हरकत नसे. लिंबाला मात्र गिऱ्हाइकाचा हात लागलेला तिला खपायचा नाही. अंगठ्यानं हलकं दाबून, पातळ सालीचं बघून ती स्वतः काढून द्यायची. एकदा मी सरळ ढिगात हात घातला, तर माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "तू मातीत हात घाल. लिंबू माझं मी बघते."

मी योगेश. नाशिकच्या एका खासगी प्रयोगशाळेसाठी गावोगाव फिरून मातीचे नमुने गोळा करायचो. कुसाबाई मला 'मातीडॉक्टर' म्हणायची. चारचौघांत म्हणाली की मला बरं वाटायचं. माझी लायकी पुढे कळेलच.

तिचं गाव वणीपासून पाच-सहा किलोमीटरवर. उताराची एक एकर जमीन. खालच्या अंगाला थोडी काळी, वरच्या अंगाला पांढुरकी आणि खडकाळ. नवरा गेल्यापासून बाजरी, कुळीथ, जे येईल ते घेत होती. मुलगा दिनेश सातपूरला कारखान्यात, रविवारपुरता घरी. राहिल्या सासू-सुना, कुसाबाई आणि छाया. दुसऱ्यांच्या बागेतली लिंबं विकता विकता कुसाबाईला एकच ध्यास लागला होता. आपल्या रानातलं लिंबू देवीला वाहायचं.

"एकदा माझ्या झाडाचं लिंबू गडावर गेलं, की डोळे मिटायला मी मोकळी," असं ती म्हणायची आणि लगेच घाईनं जोडायची, "पर लगीच नाय हां मिटायची!"

तिनं मला माती तपासायला बोलावलं ते एप्रिलच्या उन्हात. फळबागेसाठी नमुना घ्यायचा म्हणजे तीन फूट खड्डा खणायचा, दर फुटाची माती वेगळ्या पिशवीत भरायची. रानात दोन तऱ्हेची माती असेल, तर दोन ठिकाणचे नमुने वेगवेगळे. बांधाजवळची, गोठ्याजवळची, उकिरड्याची माती घ्यायची नाही. हे सगळं मी शेतकऱ्यांना झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"वरच्या अंगाला लय पांढरं हाय. तिथली बी घे बरं का," असं बजावून कुसाबाई भाकरी टाकायला घरी गेली.

वरच्या अंगाला टिकाव मारला, तर ठिणगी उडाली. सकाळपासूनचं ते पाचवं रान होतं. मी सरळ बांधाकडे गेलो. तिथे पूर्वी बैल बांधायचे, त्यामुळे माती काळी, भुसभुशीत, शेणामुताची. दहा मिनिटांत पिशव्या भरल्या आणि त्यांवर खोली लिहून टाकली. एक फूट, दोन फूट, तीन फूट. सुंदर अक्षरात.

ताटात पिठलं वाढताना तिनं विचारलं, "घेतली ना वरची?"

"घेतली, मावशी," मी म्हणालो. घास तोंडात होता आणि तो मला लागलासुद्धा नाही.

अहवाल अर्थातच झकास आला. चुना नगण्य, निचरा उत्तम, लिंबासाठी योग्य. तिनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याशेजारी लावला. मे महिन्यात खड्डे खणले तेव्हा तिचा फोन आला. "अरे, वरच्या खड्ड्यांतनं पांढरे खडेच निघाय लागलेत. लावू का नको?"

तेव्हा सांगायला हवं होतं. काहीच लावलं नव्हतं, खड्डे बुजवता आले असते, सगळं निस्तरता आलं असतं. मी म्हणालो, "मावशी, अहवाल चांगला आहे ना? खड्ड्यात काळी माती आणि शेणखत भरा. काही होत नाही."

दोन वर्षं खरंच काही झालं नाही. मुळं भरलेल्या खड्ड्यात होती तोवर झाडं तरारली. तिसऱ्या वर्षी मुळं चुनखडीत शिरली. तिथे मातीत लोह असतं, पण चुना ते झाडाला घेऊ देत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कुसाबाईनं दोनदा फोन केला. मी कामात असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा केला तेव्हा उचललाच नाही.

शेवटी गेलो ते वर्ष उलटल्यावर. वरची सगळी झाडं पिवळी, शेंडे वाळलेले. कुसाबाई एका झाडाखाली आळं मोकळं करत होती. मला बघून रागावली नाही, उलट उठून पदर सावरला.

"ये बाबा. तुझा काय दोष नाय, कागद चांगलाच व्हता," ती म्हणाली. "हे समदं आमच्या सूनबाईचं काम. मी गडावर जायची, मागं पाणी धरायला ती. फोनवर बोलत बसायची अन् पाणी चालूच. गावातले म्हनले, पाणी लय झालं की झाड पिवळं पडतं. म्हून वरीस झालं, तिला रानात पाय ठिवू देत नाय मी. पांढऱ्या पायाची म्हनले मी तिला."

मी पिशवीतून आम्लाची बाटली काढली आणि झाडाखालच्या मातीवर दोन थेंब टाकले. माती फसाफसा फेसाळली.

"ह्ये काय?"

"चुना, मावशी. ठासून भरलाय. मी इथली माती घेतलीच नव्हती. बांधाची घेतली. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो. फोनवरही खोटंच बोललो. छायाचं काही चुकलेलं नाही."

ती शिव्या देईल, खुरपं फेकून मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं खुरपं खाली ठेवलं, माझं मनगट धरलं आणि मला घराकडे नेलं.

छाया ओट्यावर वातीचा कापूस पिंजत होती. कुसाबाई म्हणाली, "हिला सांग. मला सांगितलंस तसंच समदं सांग."

मी सांगितलं. छायाचे हात थांबले. मग कुसाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "छाया, चुकले मी. उद्यापास्नं पाणी तूच धर, माझे बाई."

छायानं मान हलवली.

"नाय आत्याबाई. तुम्ही म्हनत ऱ्हायल्या, अन् मला बी तसंच वाटाया लागलं. माझा हात लागला म्हून झाडं मरत्यात. दारातल्या तुळशीला बी मी पाणी घालत नाय आता. भेव वाटतं."

दारातल्या वृंदावनाकडे मी तेव्हा पाहिलं. कुसाबाईनंही पाहिलं. सून तुळशीलाही पाणी घालत नाही, हे तिला माहीत नव्हतं. ती ओट्यावर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा आता."