सुर्वेसरांची चुकलेली चिठ्ठी

आदरणीय अनंत सुर्वेसरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे ‘एखादी हृद्य आठवण’ मागितली. माझ्याकडची आठवण हृद्य आहे की नाही, याची मला शंका आहे. म्हणून जे लिहिलं ते आधी सरांनाच वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘माझी चूक गाळू नकोस. बाकी हवं ते गाळ.’’ तेव्हा कुवेतमधल्या ज्या मंडळींना सर फक्त गणपतीच्या आरतीत टाळ धरणारे गृहस्थ म्हणून ठाऊक आहेत, त्यांनी तरी हे सवडीने वाचावं.

सरांची नि माझी पहिली भेट अजिबात गोड नव्हती. परभणीहून येऊन इथल्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. अम्गऱ्याच्या भंगार यार्डातून हात चेंगरलेला एक कामगार आला. मी एक्स-रे काढला. दारात उभ्या असलेल्या त्याच्या मुकादमाने हिंदीत विचारलं, हाड मोडलंय का. मी ऐटीत सांगून टाकलं की नाही, नुसती सूज आहे. सर विभागाचे प्रमुख, माझ्या मागेच उभे होते. त्यांनी मुकादमाला शांतपणे सांगितलं की हिला माहीत नाही, मलाही माहीत नाही, डॉक्टर बघून सांगतील. परक्या मुलखात पहिल्याच आठवड्यात झालेला तो पाणउतारा मला फार झोंबला. मनगटातलं एक बारीक हाड खरोखरच मोडलं होतं, हे दुपारी कळलं. तरीही सर भित्रे आहेत, असंच मी ठरवून टाकलं.

पुढे त्यांच्या हाताखाली काम करताना कळलं की हा त्यांचा नेमच आहे. दिसतं ते सांगायचं, वाटतं ते गिळायचं, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या केरळी मैत्रिणीही ते मराठीत म्हणतात. दुसरा नेम नावाचा. रुग्ण शुद्धीवर असो वा नसो, त्याला हात लावण्याआधी सर त्याचं नाव घेतात आणि आता काय करणार ते सांगतात. एरवी बोलण्यात इतके चिक्कू की डब्यातलं कुळथाचं पिठलं पुढे सरकवतील, पण ‘घे’ म्हणणार नाहीत. हा माणूस बेशुद्ध मजुराशी मात्र दोन वाक्यं बोलतो, याचं मला नवल वाटे.

मग माझी मुलगी झाली, सातव्या महिन्यात, आमच्याच हॉस्पिटलात. तिचा छातीचा एक्स-रे काढायला सर स्वतः मशीन घेऊन वर गेले. एवढ्याशा जिवाचं चित्र घेतलं की मांड्याही त्यात येतात. पडद्यावर चित्र उमटलं आणि सर तिथेच खिळून उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं तिथल्या सिस्टरने मला नंतर सांगितलं. मुलगी चौथ्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नाव नव्हतं. कागदावर ‘बेबी ऑफ मनीषा’ एवढंच. मी टाके घेऊन वॉर्डात पडलेली. माझ्या यजमानांबरोबर दफनभूमीत सर गेले. यजमानांना त्या दिवसाचं काहीही आठवत नाही. सरांनी मात्र रांग कितवी, दगडावरचा नंबर कोणता, हे आपल्या वहीत लिहून आणलं.

कामावर परतल्यावर मी सरांना विचारलं की तुम्ही माझ्या लेकीच्या फिल्मसमोर का उभे राहिलात, तुम्हाला असं काय दिसलं जे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या मनात नाही नाही ते आलं होतं. सरांनी दार लोटलं, मला बसवलं, आणि जे सांगितलं ते असं.

कुवेतला येण्याआधी सर इंग्लंडमध्ये आठवडी बाजाराच्या एका लहानशा गावात नोकरीला होते. तिथे बाजारचौकाला लागून दुकानांसाठी पाया खणायला घेतला तर खाली रोमन लोकांचा जुना रस्ता निघाला, मग फुटकी भांडी, मग थडगी. इमारतवाल्यांनी घाई लावली होती. म्हणून उत्खननवाले काही सांगाडे मातीच्या ढेकळासकट उचलत आणि आत काय आहे ते माती फोडण्याआधी कळावं, यासाठी गावच्या हॉस्पिटलात आणत. रविवारी विभाग रिकामा असे. सर हौसेने ते एक्स-रे काढून देत. आधीच्या दोन थडग्यांत माणसाशेजारी कोंबडीची हाडं सापडली होती, कारण ते लोक मेलेल्याला वाटेवर खायला म्हणून कोंबडी देत. आपल्याकडच्या पान वाढून ठेवण्यासारखंच हे, असं वाटून सरांना त्याचं फार अप्रूप होतं. तिसरं ढेकूळ एका तरुण बाईचं होतं. तिच्या कोपराच्या वळणात बारीक हाडं दिसत होती. उत्खननाच्या बाईंनी विचारलं, हे काय असेल. सर म्हणाले, तीही कोंबडीच. बाई थकलेल्या होत्या, आणखी ढेकळं रांगेत होती. सरांनीच त्या हाडांसाठी ‘कोंबडी’ अशी चिठ्ठी लिहिली, खाली आपली आद्याक्षरं घातली. त्या तरुणीची हाडं माणसांच्या खोक्यात गेली, बारीक हाडं जनावरांच्या खोक्यात गेली. इमारत उभी राहिली आणि ती खोकी कुणी पुन्हा उघडली नाहीत.

‘‘वाटलं ते सांगितलं मी,’’ सर म्हणाले. ‘‘तुझ्या लेकीच्या मांडीचं हाड पडद्यावर आलं आणि मला ते ओळखू आलं. ती कोंबडी नव्हती, मनीषा. लेकरू होतं. आईच्या कुशीतून काढून मी त्याला जनावरांत टाकलं.’’

मला संताप आला. माझं पोर जाऊन दोन महिने झाले होते आणि हे मला दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांचं सांगत होते. आठ दिवस मी सरांशी एक शब्द बोलले नाही. नवव्या दिवशी यजमानांना घेऊन सरांच्या अबू हलीफातल्या घरी गेले आणि म्हटलं, मला ती फिल्म दाखवा. सुर्वेकाकूंनी कपाटावरून जुनं पाकीट काढलं. त्या रविवारची एक प्रत सरांनी हौस म्हणून जपून ठेवली होती. बाल्कनीच्या काचेवर काकूंनी ती धरली. ते हाड माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढंही नव्हतं. मी रडले, काकूही रडल्या. लगेच तिथल्या संग्रहालयाला पत्र पाठवा, ते मूलच आहे, असं मी म्हटलं तेव्हा सरांनी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, आपल्याला तसं वाटतंय, ते खोकं उघडून बघणाऱ्याने सांगायचं, आपण फक्त खोकं उघडा म्हणायचं. स्वतःला इतकं खात असतानाही त्यांनी नेम मोडला नाही. सर भित्रे आहेत हे माझं मत त्या दिवशी गेलं.

तेव्हापासून दरवर्षी माझ्या मुलीच्या दिवशी आमचं एक पत्र जातं. सर एका बोटाने टाइप करतात, म्हणून ते काम माझं. सकाळी सर दफनभूमीत जाऊन येतात, दगडावर साचलेली वाळू झाडतात, आणि मग आम्ही पत्राला बसतो. मी स्वतः तिकडे एकदाही गेलेले नाही. पाय उचलत नाही, हे खरं कारण. सरांनी त्याबद्दल मला कधी विचारलं नाही, त्यांचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांत हा सगळ्यांत मोठा. पत्रांना उत्तरं सभ्य येत. संग्रहालय बंद झालं आहे, वस्तू दुसऱ्या गावच्या गोदामात हलवल्या आहेत, आपलं पत्र नोंदवलं आहे.

या हिवाळ्यात खरं उत्तर आलं. खोकं सापडलं होतं. हाडांच्या जाणकारांनी बघून लिहिलं होतं की हे नवजात बालक आहे. सरांची चिठ्ठी अजून आत होती, तिचा फोटोही जोडला होता. पण मधल्या काळात त्या बाईचे अवशेष गावच्या दफनभूमीत रीतसर पुरण्यात आले होते. ते थडगं पुन्हा उघडायचं तर परवानग्या लागतील, त्याला बरीच वर्षं जातील, कदाचित मिळणारही नाहीत. सरांनी पत्र चहाच्या खोलीत उभ्यानेच वाचलं.

‘‘म्हणजे ती एकटीच गेली,’’ ते म्हणाले, आणि कप न धुताच कामाला गेले. इतक्या वर्षांत त्यांचा कप मी त्या दिवशी पहिल्यांदा धुतला.

चिठ्ठी बदलण्यासाठी गोदामवाल्यांना सरांचा लेखी जबाब हवा होता. ढेकळं रांगेत होती, इमारतवाल्यांची घाई होती, असं मी दोन परिच्छेद भरून लिहिलं. सरांनी ते सगळं खोडलं आणि दोनच ओळी ठेवल्या : ही चिठ्ठी माझ्या हातची आहे. ती चुकीची आहे. खाली सही.

आता सरांची निवृत्ती झाली आहे, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपत आला आहे, आणि काकूंबरोबर ते सावंतवाडीला परत निघाले आहेत. आमच्या विभागातल्या किती मुलामुलींना त्यांनी घडवलं, ते या ग्रंथात इतर लिहितीलच. मला त्यांनी गेल्या आठवड्यात वहीतलं एक पान फाडून दिलं. त्यावर दोन नोंदी आहेत. वर माझ्या मुलीची रांग आणि दगडाचा नंबर, खाली त्या खोक्याचा नंबर. ‘‘वरचं आता तुला बघायला हवं,’’ एवढंच म्हणाले. खालच्या नोंदीची त्यांच्याकडे दुसरी प्रत आहे.

सर, मी शुक्रवारी जाऊन आले. रांग बरोबर होती, नंबर बरोबर होता. तिचं नाव घेतलं, जे आम्ही दोघांनी ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मग तुमच्यासारखंच तिला सांगितलं की आता वाळू झाडते आहे. यापुढे इथली वाळू मी झाडत जाईन, त्याची काळजी करू नका. तुम्ही गुडघ्याचं ऑपरेशन आता टाळू नका, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, काकूंचं ऐका. परवानगी यायला वीस वर्षं लागली तर तुम्हाला ती वीस वर्षं हवी आहेत, आणि मी देवाजवळ तेवढीच मागते. त्या लेकराला आईशेजारी ठेवतील तेव्हा हात लावण्याआधी त्याच्याशी दोन वाक्यं बोलायला तिथे तुम्हीच हवेत.