तो मासा तिने एकटीने काढला

गेल्या दिवाळीपासून आमच्या आळीत, नात्यात आणि मुंबईला मुलीच्या इमारतीतसुद्धा एक गोष्ट पसरली आहे. मी पंच्याहत्तरीला समुद्रात जाऊन चौदा किलोचा कोकर काढला आणि फोटोपुरता बायकोच्या हातात दिला, अशी ती गोष्ट. त्यातला कोकर खरा आहे आणि चौदा किलोही खरे आहेत. बाकी सगळं खोटं. तो मासा माझ्या बायकोने एकटीने काढला. मी त्या रॉडला बोटसुद्धा लावलं नाही.

घाटावरच्या वाचकांनी कोकर म्हणजे कोकरू समजू नये. हा खडपातला, म्हणजे पाण्याखालच्या खडकांतला मासा. चपटा, रुपेरी, रुंद कपाळाचा, आणि ताकद म्हणाल तर रेड्याची. शौकीन लोक त्याला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी 'जीटी' म्हणतात. गळ लागला की तो सरळ खडकाच्या कपारीकडे धावतो. दोरी खडकाला घासली की तुटलीच. म्हणून तो फार थोड्यांना मिळतो आणि ज्याला मिळतो तो जन्मभर सांगत बसतो.

मी जन्मभर गरवत आलो. नोकरीत असताना दर रविवारी आणि नंतर मनाला येईल तेव्हा, खडकावर बसून पाण्यात गळ सोडायचा. गोबरा, तांबोसा असं काही मिळालं की पिशवी घरी आणून मोरीत ठेवायची. पुढचं सगळं बायको करायची. ती नाटे गावची, समुद्राकाठी वाढलेली. लग्नाआधी वडिलांची दोरी घेऊन खडकावर जाऊन बसायची, असं मला सासऱ्यांनीच सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती माझ्याबरोबर यायला निघाली, तेव्हा माझी आई म्हणाली, "आपल्यात बायका खडकावर बसत नाहीत." मी पिशवी उचलली आणि एकटा निघालो. तिने तो विषय परत काढला नाही आणि मीही काढला नाही.

पंच्याहत्तरीला मुलीने मुंबईहून बोट ठरवून दिली. आमच्याकडचा एक चाळिशीतला माणूस फायबरच्या बोटीतून शौकीन लोकांना खडपावर नेतो. त्याचे वडील आणि आजोबा जाळ्याची मासेमारी करायचे. हा म्हणतो, जाळं ओढून पाठ मोडण्यापेक्षा लोकांना ओढायला लावलेलं बरं. मुलीने दोन जागा घेतल्या होत्या. म्हणून बायको आली.

"काकी, तुम्हीपण टाकणार ना?" बोटवाल्याने विचारलं.

"छे रे, मी डबा सांभाळायला आल्ये."

पहाटेचा गारवा होता. पावसाळ्याचा गढूळपणा जाऊन पाणी निवळलं होतं. किनारा मागे पडला तसं तिने नारळाचा तुकडा पाण्यात सोडला, हात जोडले आणि लगेच डबा उघडला. घावण आणि सुक्या जवळ्याची चटणी. बोटवाला एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने खात होता आणि खाताखाता नियम सांगत होता.

"काका, रॉड ज्याच्या हातात, मासा त्याचा. मध्ये दुसऱ्याने हात लावला की मोजत नाही. आणि फोटो काढला की मासा सोडायचा."

"सोडायचा?" बायकोचा घास थांबला. "मग एवढं डिझेल जाळून जायचं कशाला?"

"काकी, लोक त्यासाठीच येतात."

"लोकांच्या घरी मसाला वाटायला कोणी नसेल."

खडपाजवळ पाणी सुकतीला लागलं होतं. ओहोटीबरोबर लहान मासे खडकावरून वाहत खाली येतात आणि कोकर कडेला त्यांची वाट बघत असतो. आमिषाला खरा मासा नव्हता. रंगवलेला लाकडी मासा होता. तो लांब फेकून झटके देत ओढला की पाण्यात 'भक् भक्' आवाज होतो आणि कोकर चिडून वर येतो. मी माझ्या जाड रॉडने सकाळभर फेकत राहिलो. एकदा लाकडी माशाच्या मागे पाणी फुगलं, मोठी पाठ दिसली आणि गेली. माझा खांदा भरून आला. पण मजा येत होती हे कबूल करतो. उन्हं वर आली होती, बायको टोपी घालून फळीवर बसली होती आणि माझ्या प्रत्येक फेकीवर काहीतरी बोलत होती. "अहो, मासा तिकडे आहे, तुम्ही गुहागरला फेकताय." बोटवाला हसून हसून बेजार झाला.

मग तो म्हणाला, "काकी, बोलता छान. आता टाका." आणि त्याने तिला हलका रॉड दिला.

तिची पहिली फेक इंजिनाला लागली. "इंजिन सोडून बाकी सगळं पकडा," बोटवाला म्हणाला. दुसरी जवळच पडली. तिसऱ्या फेकीला तिने अंग कमरेतून असं वळवलं की मला वाटलं, हे मी कधी पाहिलेलं नाही, पण हिच्या अंगाला ते माहीत आहे. लाकडी मासा खडकाच्या कडेला जाऊन पडला. तिने दोन झटके दिले असतील, आणि तिथलं पाणी फुटलं.

रॉड वाकला, रीळ किंचाळायला लागलं आणि ती दोन पावलं ओढली गेली. मी मागून तिच्या लाइफ जाकिटाचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. बोटवाल्याने इंजिन चालू करून बोट खडकापासून बाहेर काढायला घेतली. पुढे दोन्ही बाजूंना दगड होते, त्यामुळे त्याची नजर पुढे होती. बायकोची नजर पाण्यात होती. रॉडची मूठ तिच्या काखेखालून मागे आली होती, आणि तिच्या पाठीमागे काय चाललंय हे फक्त मला दिसत होतं.

"सोडू नका हो," ती म्हणाली.

"धरलंय," मी म्हणालो. मी पट्ट्याबद्दल बोलत होतो.

मासा धावला की ती त्याला दोरी देत होती. थांबला की रीळ फिरवत होती. टाच फळीला रोवून उभी होती आणि त्याच्याशी बोलत होती. "जा, जा, किती जातोस. परत यायचंय तुला." एकदा तो सरळ खाली गेला, तेव्हा तिने रॉड आडवा केला आणि त्याला बाजूला वळवलं. हे तिला बोटवाल्याने शिकवलं नव्हतं आणि मला तर येतच नाही.

बराच वेळ गेला. मग हिरव्या पाण्यात रुपेरी ताट फिरावं तसा तो दिसला. बोटवाल्याने ओल्या कापडाच्या झोळीत घेऊन वजन केलं. चौदाच्या जरा वर. बायको फळीवर बसली होती, टोपी उडून गेली होती आणि ती हसत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघांनी तो धरला आणि फोटो झाला.

बोटवाला त्याला पाण्यात उतरवायला लागला तेव्हा ती म्हणाली, "अरे मेल्या, खरंच सोडतोस काय? नुसतं डोकं दे निदान."

"काकी, नियम."

मग तीच वाकली. शेपटी धरून त्याला पाण्यात मागेपुढे केलं, कल्ले हलायला लागले तसं म्हणाली, "जा बाबा, तुझ्या माणसांत जा," आणि सोडला.

बोटवाला फोन काढून म्हणाला, "ग्रुपवर टाकतो. यंदाचा आपल्या बोटीवरचा सगळ्यात मोठा. काकींच्या नावावर ना? काकांनी नुसता पट्टा धरला होता की रॉडपण?"

तिनेही वळून विचारलं, "तुम्ही धरलात काय रॉड?"

मी म्हणालो, "थोडासा."

का म्हणालो ते आजही मला नीट सांगता येत नाही. वाढदिवस माझा होता, बोट माझ्यासाठी ठरवली होती, सकाळभर मी फेकलं होतं. तिचा आनंद बघून मला बरंही वाटत होतं आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचत होतं. तोंडातून शब्द गेला.

"तरीच," ती म्हणाली. "मध्ये एकदम हलका लागला."

तो हलका लागला कारण तिने त्याला वळवलं होतं. ते तिला मी सांगायला हवं होतं.

"मग मोजत नाही, जोडीचा म्हणून टाकतो," बोटवाला म्हणाला.

घरी येईपर्यंत जोडीचा होता. आळीत शिरल्यावर माझा झाला. समोरच्या वहिनींनी विचारलं, "कालवण केलंत की तळलात?" सोडला म्हटल्यावर त्यांना आधी पटेना. मग म्हणाल्या, "काकांनी मोठेपणाने सोडला असेल." मी हसून आत गेलो. लोक विचारायचे तसं मी सांगायला लागलो, आणि सांगताना 'थोडासा' मोठा होत गेला. घरी आणलेला मासा खाऊन संपतो. सोडलेल्या माशाचं फक्त सांगणं उरतं, आणि तिच्या माशाचं सांगणं मी घेऊन बसलो होतो. ती स्वतःच मुलीला फोनवर म्हणायची, "तुझ्या बाबांचा हात होता म्हणून, नाहीतर मी कसली काढत्ये."

थंडी संपता संपता माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वारा आणि खारं पाणी बंद. त्याच आठवड्यात बोटवाल्याचा फोन आला. दोन जण येतायत, एक जागा रिकामी आहे, काकींना पाठवता का.

ती स्वयंपाकघरातून आली, ऐकलं, आणि पटकन फोनकडे हात पुढे केला. मग म्हणाली, "नको रे. ह्यांचा हात नाही तर मी एकटी काय करणार." आणि कुळीथ निवडायला बसली.

मी फोन ठेवला. काळ्या चष्म्यातून ती मला धुरकट दिसत होती. मनात आलं की आता गप्प राहिलो तर ही परत कधी जाणार नाही, आणि ह्या वेळी आड यायला आईही नाही.

"मी हात लावला नव्हता," मी म्हणालो.

"कशाला?"

"रॉडला. त्या दिवशी. मी तुझा पट्टा धरला होता."

"मग मध्ये हलका कसा लागला?"

"तू वळवलंस त्याला. रॉड आडवा करून. मी मागून बघत होतो."

ती सुपात बघत राहिली. "आणि आळीभर सांगत फिरलात."

"फिरलो."

"जावयालापण."

"जावयालापण."

"तोंड वर करून."

"हो."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्त झाला. मी बसून राहिलो. ती परत आली तेव्हा फोन तिच्या हातात होता. "लावा त्याला. आधी तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा, मग मी बोलते."

मी बोटवाल्याला सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "काका, तुम्हीपण ना. मी काकींच्याच नावावर टाकत होतो." त्याने त्याच दिवशी फोटो परत टाकला, खाली फक्त तिचं नाव. मी मुलीला फोन केला, जावयाला केला. आळीत मात्र अजून जुनीच गोष्ट चालते, कारण ती लोकांना जास्त आवडते. म्हणून हे लिहिलं. ज्यांना मी वेगळं सांगितलं असेल त्यांनी ते खोडावं.

ठरल्या दिवशी ती एकटी बोटीवर गेली. मी दिवसभर पडवीत बसून होतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या कुठल्याही रविवारी मला इतकी हुरहुर लागलेली नव्हती. उन्हं कलली तेव्हा ती आळीतून येताना दिसली. केस विस्कटलेले, नाक भाजलेलं. समोरच्या वहिनी दारातच होत्या.

"काय काकी, काकांशिवाय मिळालं काय?"

"एक लागला होता, मोठा. तोडून गेला." तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्याच चुकीने गेला. घाई केली मी. त्याला दोरी द्यायला हवी होती, मी ओढत बसल्ये." आणि मग तो कुठून आला, कुठल्या खडकाला वळला, दोरी कशी घासली, हे तिने वहिनींना दोन्ही हात पसरून पहिल्यापासून सांगितलं. वहिनींचा गॅसवर भात होता, तरी त्या हलल्या नाहीत.

मग ती पायरी चढून माझ्याकडे आली. "तुमचा तो जाड रॉड काढून ठेवा," म्हणाली. "पुढच्या शनिवारी न्यायचाय."