वाटेवरच्या डहाळ्या

सातपुड्यात धबधबा पाहायला निघाले, तेव्हा वाटाड्या आणि मी असे दोघंच होतो. जिथे वाट फुटायची तिथे तो एक हिरवी डहाळी तोडून जमिनीवर ठेवायचा आणि तिच्यावर दगड ठेवायचा. तिसऱ्या फाट्यावर माझ्या लक्षात आलं, की डहाळीचं टोक नेहमी आम्ही धरलेल्या वाटेकडे असतं. म्हणजे मागून कुणीतरी येणार होतं.

मोबाइल काढून पाहिला. रेंज नव्हती. एकटीने फिरायला लागल्यापासून मला अनोळखी माणसांच्या हातांकडे बघायची सवयच लागली आहे. समोरचा माणूस चांगलाही असू शकतो हे मला कळतं, पण ते तपासून पाहण्याचा धोका मलाच पत्करावा लागतो.

“काका, ही खूण कुणासाठी?” शेवटी मी विचारलंच.

“बायकोसाठी,” तो ओशाळून हसला. “एकट्या बाईला घेऊन चाललोय म्हटलं, की ती मागून निघते. लाकडं आणायला, असं म्हणते. लग्नाला वीस वर्षं झाली ताई, पण भरवसा नाही.”

मला हेही खरं वाटेना. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मी खाली बसले आणि मागे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने वळणावर कमरेला कोयता खोचलेली एक बाई दिसली. ती थांबली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली. तिच्या नजरेत माझ्याबद्दल जराही विश्वास नव्हता.

मला एकदम हायसं वाटलं.