पुलाला 'येते हं' म्हणाल्या सासूबाई

भूत, बाधा, करणी... मी कधीच मानलं नाही. सॉफ्टवेअरवाली बाई मी; एरर आली की कारण असतंच! तरी हे लिहितेय, कारण डोकं ठिकाणावर नाहीये.

बॉनमध्ये आमच्या घरापासून दोन ट्राम बदलून गेलं की एक जपानी बाग लागते. तळ्यावर जुना, लाकडी, कमानदार पूल. यंदा मे महिन्यात पुण्याहून आलेल्या सासूबाईंना मी तो दाखवायला नेलं. सोबत शेजारची हेल्गा होती. ती म्हणाली, हा पूल सुटा करून जपानहून आणलाय. तिकडे म्हणे एक बाई "परत येते" सांगून त्यावरून गेली, ती आलीच नाही. तेव्हापासून पुलावर कुणी परत यायचा शब्द दिला, की पूल त्याला ओढून आणतो. मी हसण्यावारी नेलं.

सासूबाईंना जर्मन कुठलं कळायला! त्या पुलावर खूश. निघताना कठड्याला हात लावून, देवळातून निघावं तशा म्हणाल्या, "येते हं." आपल्यात 'जाते' म्हणतात का कधी?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरात नाहीत. एकटीनं कोपऱ्यावरच्या बेकरीतही न जाणाऱ्या सासूबाई, सापडल्या पुलावर!

"अहो आई, आलात कशा?"

"कुणास ठाऊक गं. पाय निघाले."

मग रोज तेच. एकदा मी बाहेरून कुलूप लावून गेले... त्या पुलावर, आणि कुलूप जसंच्या तसं. जेवण सुटलं, खंगल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल. परतीचं विमान जवळ आलं तशा रडायलाच लागल्या. "मी नाही जायची. तिथं कुणीतरी वाट बघतंय."

आता मात्र मी घाबरले. त्यांना पुलावर नेलं. "आई, 'जाते' म्हणा."

"अगं, शुभ बोल! जाते कसं म्हणू?"

"माझ्यासाठी म्हणा."

शेवटी म्हणाल्या, "जाते बाई मी. परत नाही येणार." मग माझ्याकडे वळल्या. "भूक लागलीये गं. घरी जाऊन पिठलं टाकते."

त्या याच आठवड्यात पुण्याला पोचल्या, ठणठणीत आहेत. हे सगळं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवशी सुटल्यासारखं वाटून, निघताना मीही कठड्याला हात लावला होता. तोंडातून काय गेलं, ते शुक्रवारी आठवलं. ऑफिसला म्हणून निघालेली मी तेव्हा पुलावर उभी होते.

आज रविवार. माझ्या पाच वर्षांच्या इरानं मला दारात अडवलं. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मनच. "मामा, वोहिन?" आई, कुठे चाललीस, म्हणून विचारत होती.

मी खाली पाहिलं. बूट घालून झाले होते.